सांडशीचे दोन ठोके

"धूर कसाना शे?"

जिजीनं विचारलं. तापत धरलेल्या पितळी नळीच्या तोंडातून पांढरा धूर निघत होता, तोंड ओल्या मिरचीसारखं लालभडक झालं होतं, आणि मी ते पाहिलंच नव्हतं. मी दाराचं बारदान वर धरून बाहेर पाहत होते. माझी पोर रस्त्याकडे चालली होती, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मी ओरडले, ती थांबली, रडत खाली बसली, ट्रॅक्टर गेला, मी बारदान सोडलं, आत परत अंधार झाला तेव्हा कुठं नळी दिसली. दहा मोजेपर्यंत सगळं होऊन गेलं. पण पितळेला दहा म्हणजे खूप झालं.

मी घाईघाईनं सांडशी पाण्याच्या टोपाच्या काठावर दोनदा वाजवली. जिजीनं जाळ फेकणारी बत्ती बाजूला केली, लोखंडी गजानं नळी पाण्यात ढकलली, चर्रर झालं.

"मी इचारी ऱ्हायनी, धूर कसाना?"

"कचरा जळाला जिजी."

तिनं वास घेतला. मग म्हणाली, "आंधळी शे का तू? टोपमा कचरा दिसस नही तुले?"

हे तिचं नेहमीचं. दिवसातून वीस वेळा तरी. पाणी सांडलं, आंधळी शे का तू. कोळसा पायाखाली आला, आंधळी शे का तू. एकदा ती स्वतःच टोपाला धडकली, गुडघा फुटला, तरी शिवी मलाच, "आंधळी शे का तू, रस्तामा टोप ठेवस!" टोप मी वीतभरच सरकवला होता, झाडू मारायला. तो वीस वर्षं एकाच जागी होता म्हणे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हिला दिसत नसेल का.

आमची शेड नंदुरबारहून धानोऱ्याकडे जायच्या रस्त्याला होती. पत्र्याची, बुटकी, खिडक्यांना बारदान, दाराला बारदान. आत भर दुपारी दिवेलागणीसारखं. जिजी म्हणजे माझी कुणी नाही. सत्तरीच्या पुढची बाई, नवरा पितळेचं काम करायचा, तो गेल्यावर हिनं बत्ती हातात घेतली आणि सोडली नाही. पपई, केळी, कापूस, सगळीकडे औषध मारायचे पायानं दाबायचे पंप असतात, त्यांच्या पितळी नळ्या तोंडाशी फाटतात. त्या जिजीकडे यायच्या. ती फाटलेलं तोंड कापून टाकायची, नवीन तोंड पसरवून ठोकायची, त्याच्यावर नट बसायचा. पार प्रकाशा गावापासून लोक यायचे आणि शिव्या खाऊन जायचे.

आता पितळ तसंच ठोकलं तर तडकतं. आधी तापवून मऊ करावं लागतं, आणि तेही फक्त तोंड. म्हणून नळी टोपात पाण्यात उभी करायची, दोन बोटं तोंड वर ठेवायचं, आणि तेवढ्यावरच बत्तीचा जाळ. खालची नळी थंड राहिली पाहिजे, कडक राहिली पाहिजे. जिजी म्हणायची, "तोंड मऊ, कंबर कडक. तुन्हं उलटंच शे."

आणि किती तापवायचं? याला काटा नाही, मशीन नाही. कमी तापलं तर हातोड्याखाली चिरतं, ते बरं, समोरच कळतं. जास्त तापलं तर पितळ आतून मरतं. वरून दिसायला चांगलं, चकाचक, ठोकलं तर लोण्यासारखं पसरतं, नटही बसतो, आणि शेतात दाब आला की कागदासारखं फाटतं. म्हणून रंग पाहायचा. तोही अंधारातच दिसतो. उजेड आला की लाल झालेली नळीही पिवळीच दिसते, तुम्हाला वाटतं अजून तापली नाही. म्हणून ती बारदानं. कुणी बारदानाला हात लावला की जिजी हातातली वस्तू फेकून मारायची, शेठ असो का पाटील.

"सुकेल मिरचीना रंग उना का काढ," ती म्हणायची. "ओली मिरची दिसनी का गई."

मिरची मला कळते. मी आधी मिरचीच्या पथारीवर होते. मोकळ्या रानात मिरच्या वाळत घालतात, नजर जाईल तिथवर लाल, त्याच्यात बसून दिवसभर निवडायचं, ओली बाजूला, सुकी बाजूला, देठ बाजूला. माझा माणूस सुरतला कामाला, वर्षातून दोनदा येतो. पोर घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून पथारीवर न्यायची. तिला तो ठसका सोसला नाही. खोकून खोकून निळी पडायची, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. डॉक्टर म्हणाले, बाई, मिरचीपासून दूर ठेव, नाहीतर एक दिवस श्वास परत येणार नाही. तेव्हापासून मी पोरीचा श्वास ऐकत झोपते. म्हणून मी जिजीच्या दारात गेले. दुसरीकडे पोर घेऊन कुणी कामाला ठेवत नव्हतं.

जिजीनं मला आत अंधारात उभं केलं. "पथारीवाली शे का? ओली अन् सुकी अंधारामा वळखस?"

"ओळखते."

तिनं एक नळी तापवायला घेतली. "सुकेल दिसनी का बोल."

मी बोलले. तिनं नळी काढली, ठोकली, बोटं फिरवली. चांगलं वाईट काही म्हणाली नाही. "सकाये ये. पोर रडनी तर दोन्हीले काढी दिसू." म्हणजे उद्या ये, आणि पोर रडली तर दोघींना हाकलीन. मी सातवी शिकलेली, मला वाटलं म्हातारी मला काम शिकवते आहे. नंतर कळलं, शिकवत नव्हती. माझे डोळे वापरत होती.

ते आम्ही कधी बोललो नाही. एकदाही नाही. बोलले असते तर तिनं मला तिथंच बत्तीनं जाळलं असतं. तिचा मुलगा शेजारच्या गाळ्यात बसायचा, मी त्याला भाऊ म्हणायची. त्याला ही शेड पाहिजे होती. बॅटरीचे पंप आणून विकायचे होते. "जिजी, तुन्हं वय व्हयनं, आते बस," तो रोज म्हणायचा. जिजी म्हणायची, "मन्हा हात बसतीन तवय मी बसू." डोळ्याचं तिनं काढूच दिलं नाही.

तर आधी मी तोंडानं सांगायची, "झाली." एक दिवस भाऊनं बाहेरून ऐकलं, विचारलं, "ती कसाले सांगस तुले?" त्या दिवसापासून जिजीनं मला बोलायची बंदी केली. सांडशी टोपाच्या काठावर वाजवायची. दोन ठोके, म्हणजे रंग आला, काढ. लोकांना वाटायचं बाई सांडशी झटकते आहे.

मग ते वाढत गेलं. गिऱ्हाईक बाहेर ओट्यावर नळ्या मांडायचं, मी बारदानाच्या फटीतून पाहायची आणि वाजवायची. चार नळ्या तर चार ठोके, मग थांबून भंगार असतील तेवढे. जिजी आतूनच ओरडायची, "चार कसाले आन्यात? दोन तर भंगारन्या शेतस!" गिऱ्हाईक हादरायचं, म्हातारीला भिंतीपलीकडचं दिसतं. एकजण तर बाहेरूनच हात जोडून गेला. मला हसू आलं तर सांडशी माझ्याच पाठीत बसली.

तुम्ही म्हणाल, मग ती तुझ्यावर माया करत असेल. नाही हो. मला नाव होतं, ते तिनं कधी घेतलं नाही. पथारीवाली, एवढंच. चहा स्वतःपुरता करायची. मला ताप आला तर म्हणाली, "मर, पण दोन नळ्या व्हवू दे." माझ्या पोरीला तर ती मांजरासारखी हाकलायची. हाकलायची, पण एक दिवस वाया गेलेल्या नळीच्या तुकड्यातून तिनं एक घुंगरू केलं, आत खडा घातला, आणि पोरीच्या पायात दोऱ्यानं बांधलं. मी पाहतच राहिले. तर म्हणते कशी, "लाड नही शे हाऊ. पोर कोठे जास ते माले कळाले पाहिजे, नही ते पायखाले यी."

मी तिला घाबरायची. संध्याकाळी घरी जाताना मनात शिव्या द्यायची, सकाळी परत जायची. पोर खोकत नव्हती ना. शेडमध्ये आल्यापासून एकदाही निळी पडली नव्हती.

आता त्या धुराच्या दिवशीचं राहिलेलं सांगते, कारण मी वर ते अर्धंच सांगितलं.

नळी बत्तीखाली होती, मी रंग पाहत होते. बाहेर घुंगरू वाजत होतं. ते लांब गेलं. मला कळलं नव्हतं, जिजीला कळलं. तीच ओरडली, "घुंगरू दूर गयं! पोरले देख!" म्हणून मी बारदान उचललं. म्हणजे तिनंच मला पाठवलं, आणि बत्ती तिच्या हातात तशीच पेटती राहिली, कारण माझे दोन ठोके आले नव्हते. तिला ठोका ऐकायची सवय. ठोका नाही तर जाळ चालू.

धुराला तिनं विचारलं, मी कचरा म्हटलं. नळी गार होईपर्यंत मी पोरीला आत आणलं. तिनं ती ठोकायच्या लोखंडी सुळक्यावर घातली, हातोडा उचलला, पहिला ठोका मारला. आणि हात थांबला.

जिचा पन्नास वर्षं हात चालला, तिला एका ठोक्यात कळतं. पितळ लोण्यासारखं गेलं होतं. मी भिंतीला टेकून उभी, पोर माझ्या कडेवर, हुंदके देत. जिजीनं मान माझ्याकडे वळवली. मी बोलायला पाहिजे होतं, जिजी, ही गेली, फेकून दे. पण भाऊ त्याच वेळी दारात आला, म्हणाला, "प्रकाशावाला उभा शे, नळी व्हयनी का?"

ती फेकायची तर सांगावं लागणार, का फेकली. जळाली. का जळाली. कोण पाहत होतं. तू का नाही पाहिलं, जिजी.

जिजीनं हातोडा परत उचलला. "व्हयनी," म्हणाली. आणि तोंड ठोकून पुरं केलं. नट बसला. नळी चमकत होती. मीच ती कागदात गुंडाळून दिली.

त्या दिवशी तिनं परत एकदाही आंधळी शे का म्हटलं नाही.

चार दिवस मी झोपले नाही. पाचव्या दिवशी सकाळी प्रकाशाचा तो पपईवाला मोटारसायकलवरून आला, उतरला तोच ओरडत. फाटलेली नळी त्याच्या हातात. त्याचा गडी औषध मारत होता, दाब चढला, नळीचं तोंडच उडालं, औषध सगळं तोंडावर, डोळ्यांत. बांधावर लोळत होता म्हणे. शहाद्याच्या दवाखान्यात नेलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आहेत.

"मन्हा माणूस मरता मरता वाचना जिजी! डोया जातीन का ऱ्हातीन, कोनी सांगाव?"

मी कधी त्या गड्याला पाहिलेलं नव्हतं, पण मला त्याची बायको दिसायला लागली, कडेवर पोर घेतलेली.

भाऊनं ती नळी घेतली. तोंड फाटून पाकळ्या झाल्या होत्या. तो पितळवाल्याचाच मुलगा, बोटानं पाकळी वाकवली, ती मऊ वाकली. "हाई जळेल शे." त्यानं बारदान ओढून काढलं, खिळ्यासकट, सगळी शेड उजेडानं भरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी ती शेड उजेडात पाहिली. भिंती किती काळ्या होत्या.

"कोनी तपाडी हाई?"

तो माझ्याकडे वळला. "तू व्हती ना आठे? तुन्हं ध्यान कोठे व्हतं? पोरना मांगे पयत व्हशी! आजपासून तू अन् तुन्ही पोर..."

"तिले काय कळस?" जिजी बोलली. बसूनच, मान न वळवता. "ती पानी भरस. पथारीवाली शे ती, तिले पितय काय कळस? बत्ती मन्ही, हात मन्हा. मीच जाळी."

तुम्हाला वाटेल तिनं मला वाचवलं. मलाही वाटलं. पण मग वाटतं, ती कशी म्हणेल की पथारीवालीच्या डोळ्यांनी मी काम करते? तिनं मला वाचवलं का स्वतःचं नाक वाचवलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शिवी तर तीच होती, रोजची.

भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. पन्नास वर्षांत जिजीनं नळी जाळलेली कुणी ऐकली नव्हती. मग त्याच्या तोंडावर संशय आला. तो तिच्या समोर दोन पावलं गेला. तिथून त्यानं हात वर केला.

"जिजी, मन्हा हातनी किती बोटं शेतस?"

तीन होती. मला साफ दिसत होती, मी त्याच्या पाठीमागे टोपाजवळ उभी होते. पपईवाला दारात होता. पोर माझ्या डाव्या कडेवर. उजव्या हातात सांडशी. सकाळपासून हातातच होती, ठेवायचं सुचलंच नव्हतं.

जिजी म्हणाली, "हाई काय नाटक शे?"

"सांग ना. किती शेतस?"

तिनं मान थोडी तिरकी केली. ही मान मला माहीत होती. ठोका ऐकायच्या आधी ती अशीच करायची, कान माझ्याकडे, डोळे कुठंतरी भलतीकडे. तिचा चेहरा शांत होता. घाई नव्हती. तिला माहीत होतं की मी तिथं आहे, सांडशी माझ्या हातात आहे, टोप माझ्या गुडघ्याशी आहे. तीन ठोके. मनगट हलवायचं काम.

आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, वाजवली आणि भाऊनं मागे वळून पाहिलं तर? सगळं कळेल. इतक्या दिवसांचे ठोके कळतील, धूर कळेल, कचरा म्हणाले ते कळेल. पोलिसात देईल. नाहीतर हाकलेल, आणि परत पथारी, परत तो ठसका, परत पोरीचे निळे ओठ. मी सांडशी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी झाली, की ती चुकूनसुद्धा वाजू नये.

तेवढ्यात पोरीनं पाय हलवला. घुंगरू वाजलं. एकदाच.

"एक," जिजी म्हणाली. ठसक्यात म्हणाली, जशी गिऱ्हाइकाला म्हणायची. "एक बोट शे. आंधळी शे का मी?"

भाऊनं तीन बोटं तशीच वर धरलेली. पपईवाल्यानं नजर खाली घातली. कुणी काही म्हणालं नाही, आणि त्या न म्हणण्यावरून जिजीला कळलं. तिचा चेहरा हळूहळू माझ्याकडे वळला.

दोन दिवसांनी तिला लोणखेड्याला लेकीकडे पाठवलं. भाऊनं डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं होतं, ते म्हणाले, खूप उशीर केला. त्या गड्याचा एक डोळा चांगला आहे, दुसऱ्यानं धुरकट दिसतं म्हणे. हे मी कुणाला विचारू शकत नाही, कानावर येईल तेवढंच.

रिक्षात बसताना जिजीनं हात पुढं केला. मला वाटलं शिवी देईल, मारेल. मी पोर घेऊन जवळ गेले. तिनं चाचपून पोरीचा पाय धरला, घुंगरूचा दोरा ओढून पाहिला, सैल झाला होता तो घट्ट केला. मग पाय न सोडताच म्हणाली, हळू, रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही असं,

"सांडशी तुन्हा हातमा व्हती ना?"

मी म्हटलं, "होती."

"मंग?"

तिनं थोडं थांबून पाहिलं, मान तिरकी करून, ठोक्याची वाट पाहिल्यासारखं. मग रिक्षा गेली.

भाऊनं मला काढलं नाही. शेडला मोठ्या खिडक्या केल्या, पांढरा रंग दिला, बॅटरीचे पंप मांडले. मी ते पुसते. पोर तिथंच खेळते, खोकत नाही. भाऊ गिऱ्हाइकाला सांगतो, बाई गरीब शे, पण चोख शे. टोप अन् सांडशी मागच्या बाजूला भंगारात पडली आहेत. मी तिकडे जात नाही.

तुम्ही मला नावं ठेवाल, ठेवा. पण आधी एक सांगा. पोर कडेवर आहे, सांडशी हातात आहे, समोर तीन बोटं आहेत, आणि ती म्हातारी तुमच्याकडे कान लावून बसली आहे. तुम्ही वाजवली असती का?